डावीकडे ओढणारी व्हॅन

खरं सांगा, गाडी घेताना ब्रेकबद्दल एक तरी प्रश्न विचारला होता तुम्ही? ॲव्हरेज विचारलंत, एसी विचारलात, मागच्या सीटवर तिघं मावतात की चौघं ते बसून पाहिलंत. रंग निवडायला तर सासर-माहेरची वरात शोरूममध्ये उभी केलीत. पण एवढं लोखंड एकदा धावायला लागलं की ते थांबवतं कोण, आणि थांबवणारं झिजलं तर कळणार कसं, हे विचारायला कुणी तोंड उघडलं नाही. लाजू नका, आमच्या इंदूरात सगळे असेच. म्हणून तर वसुंधरा सुपेकरचं दुकान जोरात चालतं.

दुकान स्नेहलतागंजात, स्टेशनाकडून येणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी. बोर्डावर मराठीत दोनच शब्द : 'फक्त ब्रेक'. त्याच्या खाली हिंदीत थोडं जास्त, कारण वाद घालणारे हिंदीत घालतात : 'पंक्चर, हवा, ऑइल के लिए आगे जाएं. पूछें नहीं.' तरी लोक विचारतातच.

"दीदी, जरा हवा देख दो."

"बोर्ड वाच."

"अरे, एक मिनट का काम है."

"तेवढ्या वेळात बोर्ड वाचून होतो, भिया."

रिक्षावाले, टॅक्सीवाले तिला वसुभिया म्हणतात. पहिल्यांदा कुणीतरी चिडवायलाच म्हटलं असणार. पण ती चिडली नाही, उलट खूश झाली. इंदूरात ज्याच्याशी काम पडतं तो भिया, म्हणजे भाऊ. बाई आहे म्हणून मला त्यातून वगळायचं काय कारण, असा तिचा सवाल. वय पन्नाशीच्या पुढे, केस आखूड, आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा. राग नाकाच्या शेंड्यावर आणि स्वतःबद्दलचं मत त्याच्याही वर.

हा गर्व फुकटचा नव्हता. लग्नानंतर ती एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला लागली. बायकांना गाडी शिकवायला बाई असली की घरचे पाठवतात, एवढ्याच हिशेबाने मालकाने तिला ठेवलं होतं. शिकवायच्या गाडीत डावीकडच्या सीटसमोरही एक ब्रेक असतो. समोर गाय, बाजूला सिटी बस आणि स्टिअरिंगवर बसलेल्या काकू डोळे मिटून "अहो, आता काय करू, आता काय करू" करताहेत, अशा वेळी तो डावा ब्रेकच सगळ्यांचा मायबाप. इंदूरच्या निम्म्या बायका माझ्याच शेजारी बसून गाडी शिकल्या, असं वसुंधरा सांगते. मोजलं कुणी नाही. मोजायची हिंमतही कुणी केलेली नाही.

तर झालं असं, की स्कूलची एक गाडी ब्रेक लावताना थरथरायला लागली. गॅरेजवाल्याने पॅड बदलले. थरथर तशीच. त्याने पुन्हा बदलले. तिसऱ्यांदा वसुंधरा त्याच्या उरावर जाऊन उभी राहिली. "चाक माझ्यासमोर खोल." त्याने खोललं. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी असते, तिला म्हणतात डिस्क. पॅड म्हणजे तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या दोन वड्या. त्या गाडीत डिस्कच वाकडी झालेली होती. बिचाऱ्या वड्या काय करणार? वसुंधरा त्या दिवशी घरी गेली ती पेटलेलीच. ज्याला गाडीतलं कळत नाही त्याला लुटायचं आणि जिला कळेल असं वाटतच नाही तिला तर डोळे मिटून लुटायचं, ही रीत तिला मोडायची होती. भंगारवाल्याकडून जुने कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे, आणून तिने अंगणात खोलले, मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, ज्याला-त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. कुणी शिकवलं नाही. ती शिकली. आणि मग तिने दुकान काढलं, तेही गाडी पळवायचं नाही, थांबवायचं.

गिऱ्हाईक आलं की ती चाकाला हात लावत नाही. आधी डाव्या सीटवर बसते, काच खाली करते आणि रेल्वेच्या लांबलचक भिंतीकडेने गाडी हळू न्यायला लावते. भिंतीवर आपटून आवाज परत कानात येतो. हलक्या दाबाला किर्र होतं आणि जोर दिला की थांबतं, ते एक दुखणं. घर्र घर्र म्हणजे पॅड संपलं, आता लोखंडावर लोखंड घासतंय. तिथे ती गिऱ्हाइकाला आधी शिव्या घालते, मग जॅक लावते. सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर होऊन नंतर गप्प, तर तो रात्रीच्या दमटपणाचा गंज, त्याला काहीच करायचं नाही. "घरी जा, चहा पी," एवढंच सांगते. असं सांगणारं गॅरेज तुम्हाला शहरात दुसरं सापडलं तर कळवा.

आता चिंतामण हिरवेकडे येऊ. चिंतामण याच गल्लीतला, शाळेची व्हॅन चालवतो. इथली मुलं सकाळी सांवेर रोडवरच्या शाळेत सोडायची, दुपारी आणायची. सरळमार्गी माणूस. गाडी हळू चालवणार, मुलांना नावानिशी ओळखणार. पण चारचौघांत बोलायची वेळ आली की घाम फुटणार. एका गुरुवारी तो व्हॅन घेऊन दुकानावर आला.

"वसुताई, काय किंचाळते हो ही! शाळेच्या गेटावर थांबलो न, की सगळे पॅरेंट्स वळून असे बघतात जसं मी कोणाला चिरडूनच आलो."

"पॅड कधी बदलले?"

"दोनदा बदलले या वर्षात. दुसरीकडे." शेवटचा शब्द त्याने जमिनीकडे बघत म्हटला.

"दुसरीकडे," वसुंधराने तोच शब्द उचलला. "घर माझ्यासमोर, आणि पॅड दुसरीकडे. वा रे चिंतामण."

तेवढ्यात मागून एक स्कूटर येऊन थांबली. अनुष्का देशमाने. पुण्याहून बदली होऊन आलेली, सॉफ्टवेअरमधली. तिचा ऋग्वेद दुसरीत, याच व्हॅनने जाणारा. हेल्मेट काढून तिने सरळ मुद्द्याला हात घातला.

"ताई, पुढच्या रविवारी आम्हा पालकांची मीटिंग आहे. तोपर्यंत ही गाडी ठीक झाली नाही तर आम्ही सगळी मुलं दुसऱ्या व्हॅनला देणार आहोत. काका चांगले आहेत. माझं भांडण त्यांच्याशी नाही, गाडीशी आहे."

चिंतामणने कपाळ पुसलं. ही मुलं गेली की त्याच्याकडे उरणार होती ती रिकामी व्हॅन. दुसरं काम त्याने कधी केलं नव्हतं, आणि घरात म्हातारे वडील होते.

"होऊन जाईल," वसुंधरा म्हणाली. "इथे आली न गाडी, मग झालंच समजा."

"आणखी एक," अनुष्का म्हणाली. "परवा मी व्हॅनच्या मागे होते. ब्रेक लागला की ती किंचित डावीकडे जाते. मी दोन-तीनदा पाहिलं."

"रोड असतो तसा. मधे उंच, कडेला उतार. पाणी वाहून जायला. आपलं शहर स्वच्छतेत पहिलं येतं, मॅडम, उगाच नाही येत."

चिंतामण हसला. अनुष्का हसली नाही. "बरं," म्हणून ती निघून गेली.

इथे वसुंधरा चुकली. ज्या बाईने आयुष्यभर 'बायकांचं कुणी ऐकत नाही' म्हणून गॅरेजवाल्यांशी भांडणं केली, तिने एका बाईने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट रस्त्याच्या उतारावर ढकलून दिली. तिला राग आला तरी लिहितो तसंच, कारण तसंच झालं.

तिने भिंतीकडेने व्हॅन फिरवायला लावली. हलक्या दाबाला किर्र, जोर दिला की कमी. मग पुढची दोन्ही चाकं खोलली. डावीकडचं सगळं ठीक. उजवीकडचे पॅड जाड होते, पण त्यांच्या तोंडावर काळी चकाकी चढलेली, बोट फिरवलं तर काचेसारखं गुळगुळीत. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो त्यांतली एक पिन कोरडी पडून अडकत होती. पॅडवर थोडा तेलकटपणाही होता.

"बघ," ती चिंतामणला म्हणाली, "तुझ्या त्या दुसरीकडच्या उस्तादाने जिथे ग्रीस लावायचं तिथे लावलं नाही, आणि भलतीकडे फासून ठेवलं. पिन अडकली, पॅड घासत राहिलं, तापलं, काच झालं. म्हणून किंचाळतं."

सगळं कसं एकात एक बसत होतं. तिने पिना घासून साफ केल्या, योग्य ते ग्रीस लावलं, डिस्क पुसली, दोन्ही चाकांना नवे पॅड घातले. मग रिकाम्या रस्त्यावर गाडी वेगात नेऊन हळूहळू कमी करायची, पूर्ण थांबवायची नाही, असं पुन्हा पुन्हा करून नव्या पॅडांना डिस्कची ओळख करून दिली. आवाज गेला. अगदी गेला. भिंतीकडेने फक्त टायरचं सळसळणं.

"आता आवाज आला तर मला येऊन सांग, मी दुकान बंद करून पोह्याची गाडी लावते," ती म्हणाली. गल्लीतल्या चारजणांनी हे ऐकलं, आणि ऐकावं म्हणूनच ती मोठ्याने बोलली होती.

शुक्रवार शांत गेला. शनिवार-रविवार शाळा नव्हती. सोमवारी सकाळी व्हॅनच्या मागे शाळेपर्यंत जाऊन अनुष्का परतली आणि हेल्मेट न काढताच दुकानासमोर थांबली.

"आवाज परत आला. आणि डावीकडे तर आता चांगलीच ओढतेय, नुसती किंचित नाही. मी तुम्हाला त्या दिवशीच सांगितलं होतं, ताई. तुम्ही मला स्वच्छता समजावून सांगितलीत."

समोरचा पानवाला ओरडला, "वसुभिया, पोहे कब से?"

वसुंधराच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तोंडाशी दहा उत्तरं आली. त्यातलं एकही तिने दिलं नाही, आणि तिला ओळखणाऱ्यांना हे पटायचं नाही. डोक्यात एक गोष्ट जागी झाली होती. ब्रेक लावल्यावर गाडी डावीकडे ओढते म्हणजे डावं चाक नीट धरतंय आणि उजवं धरत नाहीये. गुरुवारी ती आवाजाच्या मागे धावली. ही बाई तिला आवाजाहून मोठी गोष्ट सांगत होती.

"तुम्ही बरोबर होता," ती अनुष्काला म्हणाली. "मी ऐकायला हवं होतं. मुलांना दुपारी या व्हॅनमध्ये आणू नका. तुम्ही घेऊन या, नाहीतर मी रिक्षा लावते."

चिंतामण आल्या आल्या तिने किल्ली काढून घेतली. सरळ, सपाट, रिकाम्या रस्त्यावर जाऊन स्टिअरिंग हलकं धरलं आणि ब्रेक दाबला. व्हॅनने डावीकडे असं तोंड फिरवलं जसं तिथे कुणी हाक मारली. दुकानावर येऊन उजवं चाक खोललं. चार दिवसांपूर्वीचे नवेकोरे पॅड, आणि बाहेरच्या पॅडचं तोंड ओलं. डिस्कवर तेलाचा पट्टा. आणि रिमच्या आतल्या कडेला, जिथे ब्रेकची काळी धूळ अजून पोचली नव्हती, तिथे केशरी रंगाचे थेंब.

"कोणीतरी तेल टाकलंय," ती उठून उभी राहिली. "मुद्दाम. तो तुझा दुसरीकडचा उस्ताद कुठे बसतो? चल."

"अहो ताई, थांबा न—"

"थांबू? पोरांच्या गाडीच्या ब्रेकवर तेल टाकतो आणि मी थांबू?"

हातात पाना घेऊन ती गल्लीच्या मध्यापर्यंत गेलीसुद्धा. आणि तिथेच तिने बोट नाकाशी नेलं. गाडीच्या तेलाला असा वास येत नाही. हे तिळाचं तेल होतं, आणि केशरी रंग शेंदराचा. ती परत फिरली.

"चिंतामण, घरी गाडी कशी लावतोस?"

"डावी बाजू भिंतीला चिकटवून. गल्ली अरुंद आहे न, डावं दार उघडत पण नाही."

"म्हणजे उजवं चाक मोकळं. आणि तुझ्या घरातून शनिवारी मारुतीला कोण जातं?"

चिंतामणचा चेहरा उतरला. "अण्णा," तो पुटपुटला.

श्रीकृष्ण हिरवे, चिंतामणचे वडील. मिलमधले जुने फिटर. मिल बंद पडून जमाना झाला, पण अण्णांच्या चालण्यात अजून पाळीला निघाल्याची घाई असायची. चिंतामणला तेव्हा आठवलं. यंदा शाळा सुरू झाली तेव्हा अण्णांनी चाकात डोकावून विचारलं होतं, ते आत चकाकतं ते काय? आणि हा म्हणाला होता, अण्णा, ती डिस्क, तीच गाडी थांबवते. त्याआधी ते टिळा बॉनेटला लावायचे.

"ताई, त्यांना सांगू नका," चिंतामण हात जोडायच्या बेतात होता. "त्यांचा जीव जाईल. पोरांच्या काळजीने करतात हो ते. मी चाकांना कव्हर बसवतो, विषय खतम. आणि मीटिंगमध्ये बोलू की पार्टच डिफेक्टिव्ह होता."

"कुठला पार्ट?"

"कुठलाही. कोण बघतं?"

"मी बघते," वसुंधरा म्हणाली. "ज्या दिवशी मी 'कुठलाही पार्ट' बोलायला लागेन न, त्या दिवशी माझ्यात आणि त्या स्कूलच्या गॅरेजवाल्यात काय फरक राहिला? आणि कव्हर बसवशील, मग अण्णा दुसरी जागा शोधतील. फिटर आहेत ते, गाडी थांबवणारं दुसरं काय ते शोधून काढतील. नाही. सांगायचंच. मी सांगते, तू घाबर."

तेल प्यालेलं पॅड धुऊन सुधारत नाही. तिने दोन्ही बाजूंना पुन्हा नवे घातले, डिस्क ब्रेक क्लीनरने पांढरं फडकं पांढरं राहीपर्यंत पुसली आणि गाडी सरळ थांबते हे स्वतः पाहून मगच किल्ली परत दिली. खराब झालेलं पॅड मात्र फेकलं नाही.

शनिवारी सकाळी ती हिरव्यांच्या गल्लीत ओट्यावर जाऊन बसली. अण्णा देवळातून आले, हातात वाटी, वाटीत मारुतीच्या पायाशी मिळालेला शेंदूर आणि तेल. गुडघे धरत ते उजव्या चाकाशी बसले.

"अण्णा, तिथे नको," वसुंधरा म्हणाली.

त्यांनी मान वर केली. "ब्रेकवाली न तू? शनिवारी पण काम?"

"तुम्ही करता न शनिवारी काम, म्हणून मला पण करावं लागतं. चाकाला तेल लावू नका."

"तेल नाही ते. मारुतीरायाचं आहे." आवाज चढला. "मशीनला टिळा न लावता मी कधी पाळी सुरू केली नाही. माझ्या खात्यात कोणाचं बोट कापलं नाही, विचार कोणाला पण."

"कोणाला विचारू, सगळे तर गेले," वसुंधराही मागे हटणारी नव्हती. दारात उभ्या चिंतामणने डोळे मिटून घेतले. "मला तुम्हीच सांगा. मिलमध्ये टिळा मशीनला कुठे लावायचात?"

"बॉडीला. समोर. कुठे लावणार?"

"आणि पट्ट्यावर? मशीन फिरवणारा जो चामड्याचा पट्टा असायचा, त्याच्यावर?"

"वेडी झालीस?" अण्णा खेकसले. "पट्ट्यावर तेलाचा थेंब पडला तर पट्टा घसरतो, पुली नुसती फिरत राहते, पकडच—"

ते थांबले. पुढे आलेलं बोट हवेतच राहिलं, शेंदराने माखलेलं. त्यांनी चाकाच्या भोकातून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. फिटरला सांगायला लागत नाही.

"पकडच राहत नाही," ते हळू म्हणाले. मग वाटी बाजूला ठेवली, बोट धोतराला पुसलं आणि चिंतामणकडे न बघता विचारलं, "मुलं होती गाडीत?"

"होती," वसुंधरा म्हणाली. तिला यापेक्षा मऊ शब्द सापडला नाही, आणि सापडला असता तरी तिने वापरला नसता. "काही झालं नाही. पण होती."

अण्णा रडले नाहीत, छाती बडवली नाही. "पॅड दाखव," म्हणाले आणि चप्पल घालून तिच्याआधी दुकानाकडे चालू लागले. तिथे त्यांनी ते खराब पॅड हातात घेतलं, नखाने खरवडलं, हुंगलं.

"राळ लावून बघितलीस का? पट्टा घसरायला लागला की आम्ही राळ लावायचो. मस्त पकडायचा."

"अण्णा! राळ नको! काहीच लावायचं नाही!"

"काहीच नाही?"

"काहीच नाही. कोरडी डिस्क, कोरडं पॅड. आशीर्वाद पण कोरडाच द्या."

तेव्हा कुठे म्हातारा हसला, आणि त्याच्या मागे उभ्या चिंतामणने सोमवारपासून रोखून धरलेला श्वास सोडला. पॅड मात्र अण्णांनी परत दिलं नाही. खिशात घातलं.

रविवारी मीटिंग गल्लीच्या टोकाच्या बगिच्यात भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, पालक, कडेला चिंतामण उभा, जसा काय निकाल ऐकायला आलेला. वसुंधरा बोलायला उठणार तोच अण्णा पुढे झाले. खिशातून पॅड काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"हे मी खराब केलं," ते म्हणाले. "तेल-शेंदूर मी लावत होतो. पोराला माहीत नव्हतं. मशीनवर जन्म काढला मी, मला समजायला पाहिजे होतं."

खुर्च्या करकरल्या. मग एक वडील तडकून उठले. "मतलब, आमच्या मुलांच्या जिवाशी खेळ चालला होता इतके दिवस?"

"हो," अण्णा म्हणाले. "तसंच झालं. माझ्या हातून."

त्या गृहस्थांनी टेबलावरचं पॅड उचललं आणि परत ठेवलं. ते उभेच राहिले.

मग वसुंधरा उठली. "आणि पहिल्या वेळी मी पण चुकले. अनुष्काताईंनी सांगितलं होतं गाडी डावीकडे ओढते. मी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर गुरुवारीच पकडलं असतं. आता गाडी सरळ थांबते. कोणाला शंका असेल त्याने बाहेर यावं, आत्ता बसवून दाखवते."

सगळ्यांनी अनुष्काकडे पाहिलं. मीटिंग तिनेच बोलावली होती.

"मला दाखवायला नको," ती म्हणाली. "मला बसायचंय. उद्या सकाळी, मुलांबरोबर, शाळेपर्यंत. आणि मग दर आठवड्याला आपल्यातल्या कुणीतरी एकाने. तेवढं होणार असेल तर माझा मुलगा याच व्हॅनने जाईल."

"दर आठवड्याला?" ते मघाचे गृहस्थ म्हणाले. "सकाळी वेळ कोणाकडे आहे?"

आतापर्यंत वसुंधराने राग मुठीत धरला होता. तो सुटला. "मीटिंग भरवायला वेळ आहे. ग्रुपवर दिवसभर मेसेज टाकायला वेळ आहे. पोरं देऊन टाकायला दुसरी व्हॅन शोधायला वेळ आहे. आणि स्वतःच्या पोराशेजारी वीस मिनटं बसायला नाही? मग कुठलीही व्हॅन घ्या न भिया, सगळ्या सारख्याच!"

कुणीतरी खाली मान घालून हसलं. ते गृहस्थ बसले, आणि बसता बसता म्हणाले, "ठीक आहे. माझं नाव दुसऱ्या आठवड्यात टाका."

चिंतामणने सगळ्यांना हात जोडले. त्याला फुटायचा तो घाम फुटलाच, पण या वेळी त्याने तो पुसलाही नाही.

सोमवारी अनुष्का मागे मुलांच्या गर्दीत दप्तरं मांडीवर घेऊन बसली, वसुंधरा पुढे डाव्या सीटवर. सांवेर रोडला लागल्यावर बाजारातून परतणारा एक ट्रॅक्टर हात न दाखवता आडवा वळला. चिंतामणने ब्रेक दाबला. व्हॅन जिथे होती त्याच रेषेत, एक इंचही इकडे-तिकडे न होता, गुमान थांबली. आवाज नाही, ओढ नाही. मागे ऋग्वेद आणि त्याचा दोस्त खिडकीसाठी भांडत होते, त्यांचं भांडण मधे तुटलंसुद्धा नाही. अनुष्काने पुढे वाकून वसुंधराच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ट्रॅक्टरवाल्याला जे काही ऐकवायचं होतं ते वसुंधराने खिडकीतून ऐकवलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ती व्हॅन अजून त्याच मुलांना नेते. पालकांची पाळी चालू आहे. कधी कुणी बुडवतं, मग वसुंधरा त्याच्या घरी जाते.

तुमचं मूलही कुठल्यातरी व्हॅनमध्ये, रिक्षात, बसमध्ये रोज जातच असेल. या आठवड्यात एक सकाळ काढा. त्याच्या शेजारी बसा, शाळेपर्यंत जा, आणि गाडी थांबताना काय होतं ते स्वतः पाहा.